कलम ३७ आणि दाराआडची काठी

मोठा सण, निवडणूक किंवा आंदोलन जवळ आलं की बीड जिल्ह्यात एक आदेश निघतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७, पोटकलम १ आणि ३. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, खत-बियाण्यांच्या जाहिरातीखाली, बोटभर जागेत तो छापून येतो आणि आमच्या उमापूरच्या पारावर मोठ्यानं वाचला जातो. शस्त्रं, तलवारी, भाले, बंदुका, सुरे इथपर्यंत पार निर्धास्त असतो. बंदुकांची भानगड बड्या लोकांची. २०२५च्या सुरुवातीला जिल्ह्यातले परवाने तपासले गेले, शंभरावर रद्दही झाले, पण त्यात पारावरचं कुणी नव्हतं. मग त्याच दमात, त्याच वाक्यात, काठ्या आणि लाठ्या येतात आणि पार चपापतो. कारण पारावर बसलेल्या प्रत्येकाच्या गुडघ्याला एक काठी टेकलेली असते.

म्हणजे कायद्याच्या हिशेबानं आमचं अख्खं गाव सशस्त्र. म्हसरामागं जाणारा पोरगा सशस्त्र, शेळ्या वळणारी म्हातारी सशस्त्र, देवळात कीर्तनाला निघालेले आबा तर शेंबी लावलेल्या काठीमुळं जरा जास्तच सशस्त्र. वयामुळं किंवा अपंगत्वामुळं ज्यांना काठी लागतेच, त्यांना अशा आदेशांत बहुधा सूट असते. ती सूट वाचून आबांना बरं वाटत नाही, उलट राग येतो. सरकारनं आपल्याला म्हातारं ठरवलं म्हणून.

उमापूर गेवराई तालुक्यात, शेवगावच्या वाटेवर. पोलीस ठाणं चकलांब्याचं. उत्तरेला गोदावरी, शिवारात कापूस, पाणी असेल तिथं ऊस. याच तालुक्यात राक्षसभुवनाला १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा धुव्वा उडवला. तेव्हा तलवारी आणि तोफांचा मान आमच्या मातीला मिळून गेलेला आहे. पण तलवार आली, लढली आणि गेली. काठी आधीही होती, नंतरही राहिली. तिनं कुठलं राज्य घेतलं नाही, म्हणून बखरीतही ती आली नाही.

चांगली काठी बाजारात मिळत नाही, ती करावी लागते. कळक पोकळ असतो, तो मांडवाला ठीक. हातात धरायची काठी भरीव पाहिजे, मानवेलीची. बांबू अंधाऱ्या पाखात तोडावा, म्हणजे त्याला कीड धरत नाही, असं जाणते सांगतात. मग तो सावलीत वाळवायचा, वाकडा असेल तिथं जाळावर शेकून हळूहळू सरळ करायचा, पेरं घासून गुळगुळीत करायची आणि मग तेल पाजायचं. आमच्याकडं करडईचं. तेल पाजणं हा एका दिवसाचा उद्योग नव्हे. पावसाळाभर ते चालू असतं. शेवटी खालच्या टोकाला लोखंडी शेंबी आणि हौस असेल तर वर घुंगरू. उंची कानाला लागेल एवढी. त्याहून लांब झाली की ती भाल्यासारखी मिरवते, आखूड झाली की मास्तरांची छडी वाटते.

एवढे कष्ट घेऊन केलेल्या या वस्तूनं माणूस आयुष्यात कुणाला मारतो? मी आजवर विचारलेल्या बहुतेकांचं उत्तर एकच: कुणालाच नाही. कुत्र्याला दाखवली, सापापुढं आपटली, बैलाला टोचली, बोरं पाडली, चिंचा पाडल्या, पाण्याचा अंदाज घेतला, ओढ्यातून पलीकडं गेलो, तिच्यावर घोंगडं टाकून सावली केली. पाडव्याला तिच्यावर साडी आणि तांब्या चढवून गुढी केली. कुणाला तरी मारण्यासाठी म्हणून घेतलेली वस्तू माणूस कपाटात ठेवतो आणि वेळ आली की किल्ली शोधतो. काठीला दिवसभर दहा कामं असतात, म्हणून अकराव्या कामाच्या वेळी ती हातातच असते. आता बाजारात स्वसंरक्षणाची इतकी साधनं आली आहेत. त्यातल्या एकालाही हे जमलेलं नाही.

रात्रीच्या लाईटीचं उदाहरण घ्या. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीनं येते. आठवडा दिवसाचा, तर आठवडा रात्रीचा. रात्रीची पाळी आली की माणूस अंथरुणातून उठून मोटार चालू करायला निघतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. वाटेत नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कुणीही भेटू शकतं. सापाला जमिनीचे हादरे कळतात, म्हणून काठी आपटत चालायचं. ही खरी स्वसंरक्षणाची पद्धत: शत्रूला आधी कळवायचं की आम्ही येतोय, तू जरा बाजूला हो. जगातल्या कुठल्या सैन्याला हे सुचलं असेल असं वाटत नाही.

२०२०च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा मात्र काठी आपटून भागेना. एकटं जाऊ नका, काठी-बॅटरी सोबत ठेवा, मोठ्यानं बोलत चला, मोबाईलवर गाणी लावा, असा सल्ला तेव्हा फिरत होता. जन्मात कधी तोंडातून सूर न काढलेले लोक त्या दिवसांत बांधावरून अभंग म्हणत गेले. बिबट्याला काय वाटलं असेल ते तोच जाणे. शेजारच्या रानातल्या लोकांना मात्र आपल्या गावातले आवाज किती भसाडे आहेत ते समजलं.

पण काठीची खरी फजिती झाली ती २०२४च्या पावसाळ्याच्या तोंडाला. आमच्या तालुक्यात आणि नदीपलीकडं पैठण, अंबड भागात रात्री आकाशात दिवे फिरायला लागले. ड्रोन, ड्रोन, असा बोभाटा झाला. चोर आधी ड्रोन पाठवून घरं हेरतात, मग येतात, ही बातमी व्हॉट्सॲपवर ड्रोनपेक्षा वेगानं फिरली. पोलीस सांगत होते, अफवांवर विश्वास ठेवू नका. विधानसभेतही विषय निघाला. गावोगावी गस्ती सुरू झाल्या. गल्लीवार पाळ्या ठरल्या, चहाची साखर वर्गणीतून आली, बॅटऱ्यांचे सेल संपले आणि दाराआडच्या, माळवदावरच्या, गोठ्यातल्या सगळ्या काठ्या बाहेर निघाल्या. काहींना तर आपल्या घरात इतक्या काठ्या आहेत हे तेव्हाच कळलं.

आता चित्र बघा. वर, हात काय, गोफणही पोचणार नाही एवढ्या उंचीवर एक लाल-हिरवा दिवा. खाली चाळीस-पन्नास माणसं, प्रत्येकाच्या हातात तेल पाजलेली काठी. काठी कानाएवढी, शत्रू आभाळात. एका गावात म्हणे एकानं न राहवून काठी वर भिरकावली. ती ड्रोनला लागली नाही, सोसायटीच्या पत्र्यावर पडली, आणि त्या आवाजानं जे गाव जागं झालं ते चोर आले म्हणून काठ्या घेऊन सोसायटीवरच धावून गेलं. गोष्ट कुणी रंगवलेली असणार. प्रत्येक गाव ती पलीकडच्या गावाची म्हणून सांगतं. पण पाळीवर बसलेले म्हणतात की त्या दिवसांत गावात झोप नव्हती, पण मजा होती. भाऊबंदकीत अबोला धरलेले दोघे एका चुलीवरचा चहा पिऊन एका बाजूला तोंड करून बसत होते. वरती दिवा नसता तर ही बैठक कुठल्या तंटामुक्ती समितीला जमली नसती.

गंमत अशी की त्याच पावसाळ्यात, १९ जुलैला, साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आली. ती नेमकी महाराजांचीच का, यावर एकमत नाही. ते संग्रहालयही तसा ठाम दावा करत नाही. पण प्रतापगडाची १० नोव्हेंबर १६५९ची भेट आठवली की एवढं खरं: जवळून वापरायच्या हत्यारांत वाघनखांइतकं बुद्धिमान हत्यार दुसरं नाही. मूठ मिटली की नाहीसं, उघडली की वाघ. त्यासोबत अंगरख्याखाली चिलखत, डोक्यावर जिरेटोपाखाली लोखंडी टोप, आणि सय्यद बंडा धावून आला तेव्हा पट्टा घेऊन उभा असलेला जिवा महाला. होता जिवा म्हणून वाचला शिवा, असं आपण म्हणतो ते उगीच नाही. आता माझं मत असं की लपवलेलं हत्यार चालवायला शिवाजी महाराज लागतात. आपल्यासारख्यांना दुरून दिसणारी काठीच बरी. कुत्र्याला ती दिसते, चोराला ती दिसते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर प्रकरण मिटतं.

लंडनच्या पोलिसांनी हा धडा उलटा गिरवला. १८२९मध्ये रॉबर्ट पील यांनी तिथं पोलीस दल उभं केलं, तेव्हा शिपायाचा आखूड लाकडी दांडका कोटाच्या शेपटीतल्या लांब खिशात दडवलेला असायचा. लोकांना लष्कर वाटू नये म्हणून. आपल्याकडं मात्र इंग्रज साहेबानंच शिपायाच्या हातात लाठी उघड्यावर दिली. इथल्या लोकांना काय वाटावं याची त्याला फिकीर नव्हती. ती अजून उघड्यावरच आहे. फक्त बांबूची जाऊन बऱ्याच ठिकाणी फायबरची आली. ती मोडत नाही, वाळवी लागत नाही, तेल पाजावं लागत नाही. आमच्या आबांना नेमकं हेच खटकतं. ज्या काठीला कुणी तेल पाजलं नाही, ती कुणाची ऐकणार? त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. १ सप्टेंबर २०२३ला गोदावरीपलीकडं अंतरवाली सराटीत लाठ्या चालल्या, त्याचा आवाज नदीच्या या काठालाही पोचला होता. त्यावर विनोद करायचं मनात येत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस बंदोबस्तावरच्या शिपायाची लाठी आणि बाजूनं जाणाऱ्या म्हाताऱ्याची काठी एकमेकींकडं तिरक्या नजरेनं बघत होत्या. एरवी त्या एकाच बेटातल्या.

पोलीस पाटलांचं वेगळंच. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७चा. त्यानुसार गावात काय घडतंय ते वर कळवायचं, गुन्हा होऊ द्यायचा नाही, झालाच तर तपासाला मदत करायची. २०२४च्या मार्चमध्ये त्यांचं मानधन ६,५०० रुपयांवरून १५,००० झालं, ते योग्यच झालं. कारण भांडणाच्या मधोमध त्यांना उभं राहावं लागतं आणि दोन्हीकडचे त्यांचे सोयरे निघतात. अशा वेळी काठी कामाची नसते, नात्यागोत्याची माहिती असते. कुणाला कुणाच्या मामाचं नाव घेऊन खाली बसवायचं, हे फायबरच्या लाठीत बसत नाही.

परदेशात स्वसंरक्षणाच्या धंद्यावर मोठी डोकी लागली. जपानचे ताकायुकी कुबोता अमेरिकेत गेले आणि १९७०च्या दशकात त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायची वीतभराहूनही आखूड दांडी काढली. तिला कुबोतन म्हणतात. लॉस एंजेलिसच्या पोलिसांना ती शिकवली गेली. ती बघून मला आमच्या जुन्या वाड्याची किल्ली आठवली. लोखंडी, हातभर नाही पण वीतभर नक्की, आणि वजन असं की खिशात घातली तर धोतर सुटावं. कुबोतांना उमापुरात आणलं असतं तर त्यांचे पुष्कळ कष्ट वाचले असते. विजेचा झटका देणाऱ्या टेझर नावाच्या बंदुकीचं नाव तर १९११च्या एका पोरांच्या कादंबरीवरून पडलं. तिला आमच्याकडं भवितव्य नाही. झटका द्यायला ती आधी चार्ज व्हायला हवी, आणि चार्जिंगला थ्री-फेज नसली तरी सिंगल-फेज तरी असावी लागते.

बायकांच्या हातात मात्र काठी कमी, लोखंड जास्त. खुरपं, विळा, आणि दसरा-दिवाळीनंतर कोयता. ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात; मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबानं. असे कितीतरी कोयते दरसाल बीड सोडून पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जातात. त्याच पश्चिमेला, पुण्यात, कोयता नाचवणाऱ्या पोरांच्या टोळक्यांनी उच्छाद मांडला, आणि जानेवारी २०२३मध्ये कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधारकार्ड घ्या, असं दुकानदारांना सांगण्यात आलं. ही बातमी आमच्याकडं आली तेव्हा एका ऊसतोड बाईनं विचारलं, ‘ऊस तोडायला बी आधार लागतंय व्हय आता?’ तिला काय सांगणार? तिच्या कोयत्याला आजवर कुणी आधार दिलेला नाही.

शहरातल्या बायकांनी तर लाटणं हातात घेऊनही सरकार हलवलं आहे. १९७२मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर पुढं होत्या, आणि लाटणं घेतलेल्या बायका रस्त्यावर उतरल्या. कलम ३७मध्ये काठ्या-लाठ्यांच्या पुढं ‘शारीरिक इजा करता येईल अशी इतर कोणतीही वस्तू’ अशा अर्थाचे शब्द आहेत. लाटणं त्यात बसतं का, हे ठरवायची छाती कुठल्या अधिकाऱ्याची असेल ते मला बघायचं आहे. घरी जेवायला त्यालाही जावं लागतं.

या ३७ आकड्यात काहीतरी आहे खरं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात स्वतःचा बचाव करण्याचा हक्क कलम ३४ ते ४४मध्ये आहे. पूर्वी दंड संहितेत तो ९६ ते १०६मध्ये होता. त्यातलं कलम ३७ सांगतं की सरकारी यंत्रणेकडं धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क चालत नाही, आणि बचावापुरती गरज असेल त्याहून जास्त इजा करायची नाही. म्हणजे एक कलम ३७ म्हणतं, काठी आणू नका. दुसरं कलम ३७ म्हणतं, आणलीच तर बेतानं. चकलांबा ठाण्याहून गाडी यायला लागणारा वेळ आणि गल्लीतलं कुत्रं पायापर्यंत पोचायला लागणारा वेळ, यांचं गणित मात्र दोन्ही कलमांत नाही. ते ज्याचं त्यानं उभ्या उभ्या करायचं.

सध्या खपतो तो मिरचीचा फवारा. बोटभर बाटली, पर्समध्ये मावते, परवाना लागत नाही. आत मिरचीचा अर्क. त्याचे दोन दोष: त्याची मुदत संपते आणि त्याला वारा कळत नाही. १३ फेब्रुवारी २०१४ला तेलंगणाच्या विधेयकावरून लोकसभेत एका खासदारानं हा फवारा मारला, तेव्हा पक्षभेद विसरून सगळं सभागृह खोकलं होतं. एवढी एकजूट एरवी तिथं फक्त भत्त्यांच्या वेळी दिसते.

माझी पुतणी पुण्याला नोकरी करते. रात्रीच्या पाळीहून येताना तिच्याकडं ही बाटली असते, आणि असावीच. तिथं काठी घेऊन ती लिफ्टमध्ये कशी मावणार? दिवाळीला आली तेव्हा आजीसाठीही एक घेऊन आली. आमची आई शेतातल्या घरी एकटी असते, म्हणून. आईनं बाटली हातात घेऊन उन्हात धरली, वास घ्यायला गेली, पुतणीनं हात धरला.

‘यात मिरची कुठली गं?’

‘आज्जी, अर्क असतो मिरचीचा.’

‘आन् संपल्यावर?’

‘नवी घ्यायची.’

किंमत ऐकून आई गप्प झाली. तेवढ्या पैशात किती किलो लवंगी येते याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग बाटली तिखटाच्या डब्याशेजारी फळीवर गेली, नातेवाईक म्हणून.

पुतणीचं समाधान होईना. ‘आज्जी, खरं सांग, रात्री कुणी अंगावर आलं तर काठीनं मारशील तू?’

‘मारायला कशाला गं? आधी विचारीन, कुणाचा रे तू. निम्म्या गावाला मी पायावर घेऊन न्हाऊ घातलंय.’

‘आणि बाहेरगावचा असला तर?’

आईनं फळीकडं बघितलं. ‘मग तुझी बाटली.’